काथ्या घालून हलकं सिमेंट: कास्टिंगच्या आधी काय काय तयार हवं

कास्टिंग (म्हणजे मिश्रण साच्यात ओतणं) शनिवारी धरलं असेल तर काथ्याचं काम आधीच्या रविवारीच सुरू करा, सिमेंट काय अर्ध्या तासात कालवून होतं, खरा वेळ काथ्याच खातो. आमच्या पहिल्या बॅचला आम्ही तो नुसता झटकून घातला आणि दुसऱ्या दिवशी साचे उघडले तर क्यूबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) कोपरे हातातच आले. नारळाच्या सोडणातली साखर आणि टॅनिन (तुरट द्रव्य) पाण्यात उतरतात आणि सिमेंट सेट व्हायला उशीर होतो. म्हणून काथ्या आधी गरम पाण्यात उकळून घ्या, पाणी चहासारखं लाल होईल, ते फेका, परत उकळा, रंग जवळजवळ जाईपर्यंत. मग उन्हात वाळवा (पावसाळ्यात ओव्हन मिळतोय का ते आधीच विचारून ठेवा) आणि २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे करा, यापेक्षा लांब ठेवलेत तर मिक्सरमध्ये गोळे होणारच.

काथ्याला कॉस्टिक सोड्याची ट्रीटमेंट करणार असाल तर लिटरला ५० ग्रॅम, दोन-तीन तास पुरे. बादली प्लास्टिकची घ्या, ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, हातमोजे आणि गॉगल पाहिजेच, आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. नंतर लाल लिटमस कागद निळा होणं थांबेपर्यंत काथ्या धुवा.

वजनाला काथ्या सिमेंटच्या १ ते २ टक्के, म्हणजे १० किलोला १०० ते २०० ग्रॅम, ढीग बघून जास्त वाटेल पण तेवढाच. कोरडा काथ्या आपल्या वजनाइतकं पाणी सहज पितो, तेव्हा आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी फडक्यावर वरचं पाणी टिपून घ्या, नाहीतर मिक्समधलं पाणी तोच ओढून घेतो.

फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) आठवणीने आणा, ३० टक्के सिमेंटच्या जागी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सिमेंटच्या आतलं पाणी प्रचंड अल्कलाइन असतं, त्याने धागा हळूहळू ठिसूळ होतो आणि फ्लाय ॲश त्यातला चुना खाते. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर म्हणून तो घायपातीपेक्षा जास्त टिकतो, पण कायमचा नाही टिकत.

हलकेपणासाठी थर्माकोलचे मणी घेताय तर आधी सिमेंटची घट्ट पेस्ट करा, त्यात मणी घोळवा, आणि काथ्या शेवटी हाताने सुटा करत थोडा थोडा सोडा. व्हायब्रेटर नको, मणी वर तरंगून येतात, सळईने हलकं ठोकलं की झालं.

साचे ७०.६ एमएमचे, तेल लावून ठेवलेले, आणि वाकवून बघायला छोट्या पट्ट्यांचे साचेही लागतील कारण काथ्याने दाबाची ताकद वाढत नाही, उलट जरा कमीच होते, त्याचा उपयोग दिसतो तो तडा गेल्यावर तुकडे धरून ठेवण्यात. बिनकाथ्याचा एक सेट त्याच दिवशी, त्याच पोत्यातल्या सिमेंटचा. २८ दिवसांनी तपासायचे सॅम्पल किती ते मोजून झालं की त्यावर आणखी एक सेट धरा, धागा किती टिकतो ते बघायला तो भिजवत-वाळवत ठेवायचाय, आणि प्रत्येकावर ओलं असतानाच खिळ्याने तारीख कोरा.