स्पॅनिशमध्ये 'जेवतोय, बसलोय, जातोय' म्हणताना या चुका टाळा

स्पॅनिश सुरू केलं की थोड्याच दिवसांत 'एस्तोय कोमिएन्दो' येतं, म्हणजे मी जेवतोय, आणि ते इतकं सोपं वाटतं की मग जिथे तिथे तेच लावलं जातं. एस्तार म्हणजे असणं, हे क्रियापद घ्यायचं, पुढच्या क्रियापदाला आन्दो किंवा इएन्दो लावायचं, झालं. आब्लार (बोलणं) याचं आब्लान्दो, बिबिर (राहणं) याचं बिबिएन्दो. रूप बनवणं खरंच सोपं आहे, ते कुठे वापरायचं नाही हे कळायला वेळ लागतो. मी मराठी मुलांना स्पॅनिश शिकवते आणि माझं तर ठाम मत झालंय की यातल्या बऱ्याच चुका आपण मनात आधी इंग्रजी वाक्य बनवतो म्हणून होतात. (उच्चार लॅटिन अमेरिकेतले लिहितेय.)

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'एस्तोय सेन्तान्दो'. म्हणायचं असतं मी खुर्चीवर बसलोय, पण इंग्रजीत तिथे आयएनजी असतं म्हणून इथेही आन्दो येतं. आता मराठीत बघा, आपण बसतोय आणि बसलोय यात कधीच गोंधळ करत नाही, बसतोय म्हणजे आत्ता बूड टेकवतोय आणि बसलोय म्हणजे ते होऊन गेलंय, आता नुसती स्थिती आहे. स्पॅनिश अगदी हेच करतं! बसतोय म्हणजे 'मे एस्तोय सेन्तान्दो', बसलोय म्हणजे 'एस्तोय सेन्तादो', बाई असेल तर सेन्तादा. निळा शर्ट घातलाय याला पण 'एस्तोय येबान्दो' नाही, साधं 'येबो उना कामिसा आसुल'. उभा आहे म्हणजे 'एस्ता पारादो', फक्त स्पेनमध्ये पारादो म्हणजे नोकरी नसलेला, तिथे 'एस्ता दे पिए' म्हणा. म्हणून अडलात की आधी मराठीत बोलून बघा, तोंडात 'लोय, लाय' आलं की आन्दो लावायच्या आधी थांबा.

तीच गत 'एस्तोय तेनिएन्दो दोस एर्मानोस'ची. आपल्याकडच्या इंग्रजीत आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स सर्रास ऐकू येतं, त्याचंच हे स्पॅनिश. मराठीत मला दोन भाऊ आहेत, तिथे चालू काळ नाहीच, आणि स्पॅनिशमध्येही नुसतं 'तेंगो'. माहीत असणं, हवं असणं, असणं या क्रियापदांना सहसा हे रूप लावत नाहीत.

आता जिथे मराठीच आपल्याला फसवते त्या जागा, आणि या जास्त अवघड आहेत कारण चूक कानाला खटकतच नाही.

पहिली, 'आहे'. आपल्याला एकच आहे, त्यांच्याकडे सेर आणि एस्तार असे दोन, त्यामुळे सेरचं 'सोय' घेऊन 'सोय कोमिएन्दो' लिहिलं जातं. इथे फक्त एस्तारच. लॅटिनमध्ये याचं मूळ स्तारे, म्हणजे उभं राहणं, आणि आपल्या संस्कृत 'स्था'चं ते नात्यातलं आहे, हे सांगितल्यावर मुलं सहसा परत चुकत नाहीत.

दुसरी, उद्याची गोष्ट. 'मी उद्या पुण्याला जातोय' हे मराठीत आणि इंग्रजीतही बरोबर, म्हणून 'एस्तोय येन्दो मान्याना' अगदी सहज येतं. प्रमाण स्पॅनिशमध्ये हे रूप पुढच्या बेतासाठी वापरत नाहीत, 'मान्याना बोय आ पुने' म्हणा, साधा वर्तमानकाळ पुरतो. उलट आत्ता चाललेल्या गोष्टीलाही साधा वर्तमानकाळ चालतो, 'के आसेस?' म्हणजे काय करतोस आणि काय करतोयस दोन्ही.

राहण्याचं मात्र आपल्यासारखंच आहे, 'बिबो एन मुंबई' म्हणजे मुंबईत राहतो आणि 'एस्तोय बिबिएन्दो एन मुंबई' म्हणजे सध्या राहतोय, पुढचं माहीत नाही.

तिसरी जागा भूतकाळाची, इथे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. 'तू फोन केलास तेव्हा मी जेवत होते' याला 'एस्ताबा कोमिएन्दो', कारण जेवण चालू असताना मधे काहीतरी घडलं. पण 'काल दोन तास वाट बघत होते' यातही होतेच आहे म्हणून एस्ताबा टाकू नका, दोन तास म्हणून तुम्ही ती गोष्ट मोजून बंद केलीत, तिथे एस्तारचंच दुसरं भूतकाळी रूप, 'एस्तुबे एस्पेरान्दो दोस ओरास'. किती वेळ ते सांगून गोष्ट संपवली की एस्तुबे.

आणि ती अजून संपलीच नसेल तर? दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय, याला 'एस्तोय एस्तुदियान्दो पोर दोस आन्योस' असं शब्दाला शब्द लावून होत नाही, 'येबो दोस आन्योस एस्तुदियान्दो' म्हणायचं. येबार म्हणजे वाहून नेणं, जणू दोन वर्षं बरोबर घेऊन चाललोय, मला हे फार आवडतं. नकारात मात्र आन्दो जातं, दोन दिवस झोपले नाहीये म्हणजे 'येबो दोस दियास सिन दोर्मिर'.

पोहणं, खाणं असं णं आलं की मूळ रूपच ठेवा, मला पोहणं आवडतं म्हणजे 'मे गुस्ता नादार', नादान्दो नाही. जेवणाआधी म्हणजे 'आन्तेस दे कोमेर'. आणि 'बोलणारा माणूस' याला 'के आब्ला', म्हणजे 'जो बोलतो', लावा, कारण आन्दोवालं रूप सहसा नामाला विशेषण म्हणून चिकटत नाही, उकळतं पाणी 'आग्वा इर्बिएन्दो' हा ठरलेला अपवाद.

रूपांत थोडंच लक्ष द्यायचंय. दोर्मिर (झोपणं) याचं दुर्मिएन्दो, पेदिर (मागणं) याचं पिदिएन्दो, लेएर (वाचणं) याचं लेयेन्दो. आपण जेवतोय, जेवतेय करतो म्हणून मुली 'कोमिएन्दा' म्हणून बसतात, पण आन्दो, इएन्दो कधीच बदलत नाही, बदलतं ते सेन्तादो, सेन्तादा. 'ते वाचतेय' म्हणताना 'ते' म्हणजे लो एकतर सगळ्यात पुढे, 'लो एस्तोय लेयेन्दो', नाहीतर मागे चिकटवून 'एस्तोय लेयेन्दोलो', मधे घालायचा नाही, आणि चिकटवलात तर लिहिताना दुसऱ्या 'ए'वर तिरकी रेघ द्यायची.