मोठा मासा गरवायला जाताय? मग या चुका टाळा

गोव्याच्या समुद्रात इसवण (सुरमई), मोडसो (कोबिया), तोणकी (बॅराकुडा) यांच्या मागे जायचं तर बोट भाड्याने मिळते, बोट हाकणारा तांडेल मिळतो, सोबत जाणकार माणूसही मिळतो. त्यामुळे लोकांना वाटतं की आपण फक्त टोपी घालून बसायचं. तांडेल तुम्हाला माशापर्यंत नेईल. त्यानंतरची पाच-दहा मिनिटं तुमची असतात, आणि ती कशी जाणार हे आदल्या संध्याकाळी घरातच ठरलेलं असतं. मासा सुटला की बहुतेक जण नशिबाला दोष देतात. मी त्यांची रील, म्हणजे रॉडवरची दोरी गुंडाळायची चरखी, बघतो.

रीलवरच सुरुवात करतो, कारण याच एका गोष्टीवर माझा सर्वांत जास्त घसा कोरडा झालाय. नवी रील घेतली की हौशी माणूस तिच्या गुळगुळीत धातूच्या फिरकीवर थेट ब्रेडची, म्हणजे विणलेल्या धाग्यांची, दोरी गुंडाळतो. ब्रेड ताणली जात नाही आणि धातूला धरून राहत नाही. गाठ कितीही आवळा, जोर आला की दोरीचा अख्खा गठ्ठा फिरकीभोवती सरकतो.

म्हापशाचा एक तरुण मालीमच्या धक्क्यावर आला तेव्हा त्याच्या रीलची किंमत आमच्या बोटीच्या महिन्याच्या डिझेलएवढी असावी. व्हिडिओ बघून त्याने दोरी स्वतःच भरली होती. ग्रँड आयलंड बेटाच्या पुढे आमिषाच्या बांगड्यावर जबरदस्त ओढ आली आणि दोरी सुटायला लागली. त्याने ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळला. दोरी सुटतच राहिली. त्याने पूर्ण आवळला, तरी सुटतच राहिली, कारण ड्रॅग आपलं काम चोख करत होता, फिरकी जागच्या जागी उभी होती आणि वरचा गठ्ठा तिच्याभोवती गरगरत होता. मग रील बिघडली असं ठरवून त्याने दोरीला हाताचा वेढा दिला. तांडेल ओरडला, ''सोड रे, धांवूंक दी ताका!'' (सोड, पळू दे त्याला!) तोवर तळहातातून रक्त आलं होतं. तांडेलाने सुरीने दोरी कापली म्हणून बोटं शाबूत राहिली. पन्नास पौंडी ब्रेड, म्हणजे पन्नास पौंडांच्या ओढीला तुटणारी, सुताएवढी बारीक असते आणि मांसात सुरीसारखी शिरते. ती हाताला कधीही गुंडाळू नका, हातमोजे असले तरी.

उपाय अगदी साधा. आधी साध्या नायलॉनचे दहा-पंधरा वेढे घट्ट भरायचे, त्याला ब्रेड जोडायची. नायलॉन नसेल तर फिरकीवर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा. भरताना दोरी ओल्या फडक्यातून ताणून घ्यायची. मी हे टीव्हीसमोर बसून करतो, तास-दीड तास लागतो. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी मासळी बाजारात जावं, तिथे इसवण कापूनही देतात.

आता ड्रॅग. ''थोडा टाइट ठेवूया, मोठा आला तर?'' हे वाक्य ऐकलं की मला कळतं, आज घरी मासा जाणार नाही. ड्रॅग म्हणजे दोरी किती ओढीला सुटेल याची मर्यादा, आणि ती दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवायची. पन्नास पौंडी दोरी म्हणजे सुमारे 22.7 किलो, म्हणून ड्रॅग 6 ते 7 किलोचा. हे बोटाने ओढून अंदाजाने कळत नाही. सामान तोलायचा लटकता काटा घ्या, रॉड वाकवून दोरी काट्याला बांधा आणि ओढा. आणखी एक गोष्ट जी नवख्यांना खोटी वाटते: मासा लांब पळाला आणि फिरकीवरचा थर कमी झाला की तुम्ही काहीही न करता ड्रॅग वाढलेला असतो. थराचा व्यास निम्मा झाला की तीच दोरी ओढायला दुप्पट जोर लागतो. म्हणजे मासा दूर असताना आवळायचा नाही, जमलं तर सैल करायचा. घाबरलेला हात मात्र नेमका उलट वागतो.

लहान चुका भराभर सांगतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं. इसवण आणि तोणकीचे दात लक्षात घेऊन गळाजवळ तारेचा तुकडा हवाच. लाइफ जॅकेट अंगावर असतं, बाकाखाली नसतं. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा, पण किनाऱ्यापासून दूर फोन चालेलच असं धरून चालू नका. बोटीवर वायरलेस संच आहे का हे निघण्यापूर्वी विचारा.

तारीख निवडतानाही घाई नडते. गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, आणि ऑगस्ट लागताच फोन सुरू होतात. बंदी उठली म्हणून दर्या निवळत नाही. मांडवी आणि जुवारीचं गढूळ पाणी बाहेर पसरलेलं असतं, लाट उंच असते. पूर्वीची माणसं नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच उतरायची, त्यात श्रद्धेइतकंच शहाणपणही होतं. मी पाहुण्यांना दिवाळीनंतर या म्हणतो. ''नऊला निघूया का?'' असं विचारणाऱ्यांना नकोच म्हणतो: दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि परतीचा रस्ता हाडं खिळखिळी करतो.

आदल्या रात्री फेणी पिऊन पहाटे बोटीवर येणाऱ्यांबद्दल काय लिहावं? उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. आधी डॉक्टरांना विचारा, झोप आणणाऱ्या गोळ्याही असतात. बोटीच्या मध्यभागी बसा, क्षितिजाकडे बघा, फोन खिशात.

मोडसो बोटीजवळ आला की सगळ्यांना फोटो हवा असतो. हा मासा दमल्यासारखा शांत येतो आणि आकड्याने (मासा ओढून घ्यायच्या लोखंडी हुकाने) वर घेतला की बोटीत अक्षरशः धिंगाणा घालतो. एका पुणेकर काकांची रॉड, डबा आणि चष्मा एकाच मोडशाने पाण्यात घालवला. त्याला पाण्यातच आणखी थोडा दमवा, तांडेलाने होकारार्थी मान डोलावली की मगच वर घ्या. व्हेल शार्क आणि महाकाय गोबरा (ग्रूपर) मात्र वर घ्यायचेच नाहीत; वन्यजीव कायद्याने त्यांना 2001 पासून संरक्षण आहे.

बर्फ स्वतःचा न्या, आणि अर्धा डबा नव्हे. इसवण बांगड्याच्या कुळातला. उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही, आणि खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन डोकं ठणकतं. मासा वर आला की रक्त काढून लगेच बर्फात.

आणि कोणता मासा कोणाचा, हे धक्क्यावरून निघण्याआधी तांडेलाशी बोलून ठरवा. काही बोटींवर मोठा मासा बोटीचा धरतात, काहींवर पाहुण्याचा, काहींवर अर्धा-अर्धा. परतताना दहा किलोची इसवण मधे ठेवून हा विषय काढलेला मी पाहिलाय, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला त्या धक्क्यावर कोणी बोट दिली नाही.