ग्रिप पुन्हा पुन्हा सैल होते? गोंद बदलण्याआधी या चुका टाळा

मोटारसायकलची ग्रिप, म्हणजे हँडलच्या टोकावरचं रबरी आवरण, हातात फिरायला लागली की पहिला विचार येतो तो आणखी जोरदार गोंदाचा. पण दोष गोंदात क्वचितच असतो. चुकीचं माप, आत राहिलेला तेलकटपणा आणि वाळायला न दिलेला वेळ, बहुतेक वेळा कारण या तिघांत सापडतं. शिवाय डावी ग्रिप बसवणं आणि उजवी बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डावीकडचं बिघडलं तर त्रास होतो, उजवीकडचं बिघडलं तर अपघात.

नक्की काय हलतंय ते न पाहणं

उजवी मूठ थोडी मोकळी फिरते म्हणून ग्रिप सैल आहे असं नाही. उजवी मूठ म्हणजे थ्रॉटल (ॲक्सिलरेटर), आणि तिच्या केबलला मुळातच थोडा फ्री प्ले, म्हणजे इंजिनवर परिणाम न होता फिरण्याची मोकळीक, ठेवलेला असतो. ग्रिपच्या आतल्या कडेवर मोजला तर तो साधारण २ ते ६ मिमी असतो; तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. तो केबलच्या ॲडजस्टरने कमी-जास्त करायचा असतो, गोंदाशी त्याचा संबंध नाही.

खात्री करायला इंजिन बंद ठेवून रबराच्या आतल्या कडेपासून थ्रॉटल ट्यूबच्या (ग्रिपखाली फिरणाऱ्या नळीच्या) प्लास्टिक कॉलरपर्यंत, म्हणजे तिच्या जाड कडेपर्यंत, मार्करने एक सरळ रेघ ओढा. थ्रॉटल चार-पाच वेळा पूर्ण पिळून सोडा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले तर रबर ट्यूबवर घसरतंय, आणि मग ती गाडी दुरुस्तीआधी चालवू नका. घसरणारी ग्रिप हळूहळू आत सरकते, हाउसिंगला (मुठीशेजारच्या स्विच-केबलच्या डब्याला) टेकते आणि थ्रॉटल उघडा असतानाच अडकवू शकते. डावीकडे रेघ ग्रिपवरून स्विच हाउसिंगवर ओढली की तीच परीक्षा होते.

डावी-उजवीची अदलाबदल

बहुतेक गाड्यांचा हँडलबार टोकाला २२ मिमी जाड असतो, काही क्रूझर गाड्यांचा २५.४ मिमी. पण उजवी ग्रिप थेट बारवर बसत नाही, ती ट्यूबवर बसते, आणि ट्यूब बारपेक्षा दोन-तीन मिमी जाड असते. म्हणून जोडीतल्या उजव्या ग्रिपचं भोक मोठं असतं. ती चुकून डावीकडे गेली तर कुठलाच गोंद तिला धरणार नाही. नवी ग्रिप कोरड्या बारवर हाताने सहज सरकत असेल तर तिथेच थांबा, माप चुकलंय. ढिलाई भरून काढायला इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उन्हात तिचा चिकटा मऊ पडतो आणि टेपसकट ग्रिप फिरते.

तेल, पेट्रोल किंवा ग्रीस मुरून फुगलेलं जुनं रबरही असंच वागतं. ते पुन्हा आकसत नाही. नवी जोडी घ्या.

सरकवण्यासाठी तेल किंवा साबण

बऱ्याच ग्रिप यामुळेच सैल होतात. तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला की ग्रिप झटकन चढते, पण तो थर आतून कुठेच जात नाही. साबणाचं पाणी वाळतं खरं, मात्र साबण मागे राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा बुळबुळीत होतो. पेट्रोलने रबर फुगतं, प्लास्टिकच्या ट्यूबलाही ते चांगलं नाही आणि आगीचा धोका आहेच. गोंदाशिवाय बसवायचीच असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा, ते मागे काही न ठेवता उडून जातं.

जुनी ग्रिप काढताना डावीकडे ब्लेडने लांबीभर चीर द्या. उजवीकडे ब्लेड जपून चालवा, ट्यूबचं प्लास्टिक सहज कापलं जातं. ग्रिप पुन्हा वापरायची असेल तर कडेखाली बारीक नळी सरकवून अल्कोहोल फवारा आणि पिळत काढा. मग जुना गोंद खरवडा, गंज बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पांढरा कपडा अल्कोहोलमध्ये भिजवून पुसा. कपड्यावर काळं-पिवळं येणं थांबेपर्यंत पुसायचं. ग्रिपच्या आतूनही पुसा, नव्या रबरावर साच्याचा तेलकट थर असू शकतो.

चुकीचा गोंद, चुकीच्या जागी

सुपरग्लू नको. ग्रिप अर्ध्यावर असतानाच तो धरतो आणि वाळल्यावर ठिसूळ होऊन थरथरीने तडकतो. ग्रिपसाठी मिळणारा रबर गोंद सर्वांत चांगला. कॉन्टॅक्ट प्रकारचा गोंद असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: एरवी तो दोन्हीकडे लावून थोडा सुकू देतात, इथे मात्र ओला असतानाच ग्रिप चढवायची, नाहीतर ती मध्येच अडकेल.

डावीकडे ग्रिपच्या तोंडाशी आत एक पातळ वेढा आणि बारच्या बाहेरच्या टोकाशी दुसरा, एवढा गोंद पुरतो. चढवताना एक थर बाहेरच्या दिशेने ओढला जातो, दुसरा आत, आणि पूर्ण लांबी भिजते.

हीच पद्धत उजवीकडे केली की घात होतो. ग्रिपच्या आतला गोंद ढकलला जाऊन ट्यूबच्या उघड्या तोंडातून बारवर उतरतो आणि ट्यूब बारलाच चिकटते. म्हणून हाउसिंग उघडून केबल सोडवा, ट्यूब बाहेर काढा आणि ग्रिप टेबलावर बसवा. गोंद फक्त ट्यूबच्या मधल्या भागावर, पातळ लावा. आत काही उतरलंच तर लगेच पुसा. गरम होणारी ग्रिप किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर मॅन्युअल पाहिल्याशिवाय काही सोडवू नका. गरम ग्रिप बऱ्याचदा ट्यूबसकटच मिळते.

ग्रिपची आतली कड आणि हाउसिंग यांत १ ते २ मिमी फट ठेवा. बार-एंडच्या, म्हणजे हँडलच्या टोकाला बसवलेल्या, वजनाला रबर घासत नाही हेही पाहा. ज्या ग्रिपवर तारेसाठी खाचा असतात तिथे ०.८ मिमी स्टीलची तार बांधा. पिळलेलं टोक तळहातापासून दूर ठेवून रबरात दाबा.

लगेच गाडी काढणं

रबर आणि धातूच्या मध्ये अडकलेल्या ओल्या गोंदाला हवा फक्त दोन टोकांनाच लागते, म्हणून बाहेर थेंब वाळला तरी आत तो ओलाच असतो. डबीवर वेगळी वेळ दिलेली नसेल तर पूर्ण २४ तास ग्रिपला हात लावू नका.

नंतर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल उघडून सोडा. तो स्वतःहून खट्कन बंद झाला पाहिजे. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल पुन्हा दोन्ही टोकांना न्या. आयडलिंगचा (थ्रॉटल न देता चालणाऱ्या इंजिनाचा) आवाज चढला तर केबल ताणली जातेय किंवा जोडताना वाकडी बसलीय. ती सरळ होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.