पलटणीच्या मुलुखात परक्या युद्धावर चर्चा कशी भरवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात परदेशी भूमीवर लढल्या गेलेल्या आणि लोकांना न पटलेल्या युद्धाविषयी जाहीर चर्चा ठेवणे हे पुण्या-मुंबईत ठेवण्याइतके सोपे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात येऊन शंभर वर्षे झाली. त्यामुळे ज्या सभागृहात आपण परराष्ट्र धोरणाविषयी बोलणार असतो, तेथे पहिल्या दोन रांगांत निवृत्त हवालदार, सुभेदार आणि कधी एखादी वीरपत्नी बसलेली असते. आमच्या वाचनालयात काही वर्षांपूर्वी श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेवर कार्यक्रम झाला, तेव्हा महाविद्यालयात शिकणारा एक अभ्यासू मुलगा बोलण्याच्या ओघात ‘ती माणसे फुकट मेली’ असे म्हणून गेला. तिसऱ्या रांगेतील एक आक्का, ज्यांचे यजमान तेथून परत आले नव्हते, पदर सावरून उठल्या आणि काही न बोलता बाहेर पडल्या. त्यांच्यामागोमाग अर्धे सभागृह गेले. त्या मुलाची धोरणावरची टीका मला आजही बरीचशी बरोबर वाटते. चूक त्याच्या विचारात नव्हती, आमच्या आखणीत होती. पुढील सूचना त्या संध्याकाळच्या अनुभवातून शिकून लिहिल्या आहेत.

पहिला निर्णय कोणत्या युद्धापासून सुरुवात करायची हा असतो, आणि येथेच बहुतेक मंडळे घसरतात. आजच्या वर्तमानपत्रातील युद्धावर थेट चर्चा ठेवली की लोक आपापल्या पक्षाचा झेंडा घेऊनच येतात व सिद्ध केलेली मते म्हणून दाखवून घरी जातात. म्हणून तीन बैठका ठरवाव्यात आणि पहिल्या बैठकीसाठी असे युद्ध घ्यावे, ज्याचे दुःख आता कोणाच्याही घरात ताजे नाही. आपल्या भागासाठी पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची (आजच्या इराकमधील) मोहीम याला फार योग्य आहे. तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी डिव्हिजन शरण आली. नेमक्या त्याच दिवसांत बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि लोकमान्य टिळकांनी तेथे होमरूल लीगची स्थापना केली. एकीकडे ज्यांना युद्धाविषयी कोणी विचारले नव्हते ते शिपाई उपासमारीने खंगून शत्रूच्या हाती जात होते, आणि दुसरीकडे त्यांच्याच मुलुखात ‘आमचा कारभार आम्हाला ठरवू द्या’ ही मागणी संघटनेचे रूप घेत होती. हा योगायोग सभेत सांगितला की पहिल्या दहा मिनिटांतच लोकांच्या लक्षात येते की युद्धावरचा वाद हा मुळात निर्णयाच्या अधिकाराचा वाद असतो.

या प्रकरणाचा पुढचा भागही सांगावा. त्या मोहिमेतील हलगर्जीपणाची, विशेषतः जखमींच्या हालांची, ब्रिटनमध्ये चौकशी झाली. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून 1917 मध्ये प्रसिद्ध होताच भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी 20 ऑगस्ट 1917 रोजी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. टिळकांची स्वतःची भूमिका युद्धाला सरसकट विरोधाची नव्हती. सैन्यभरतीला त्यांची ना नव्हती, पण तिच्या बदल्यात स्वराज्याचे हक्क मागण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि जून 1918 मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी मध्येच अडवल्यावर ते सभा सोडून गेले. ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ याखेरीज तिसरी, अटी घालणारी भूमिकाही असू शकते हे श्रोत्यांना येथेच दाखवून द्यावे, कारण पुढच्या बैठकांत तिचा उपयोग होतो. गावात महायुद्धाला गेलेल्या माणसांची संख्या कोरलेली जुनी दगडी पाटी असेल, तर चर्चेआधी सर्वांनी मिळून ती पाहून यावी.

दुसऱ्या बैठकीत व्हिएतनाम घ्यावे, कारण घरच्या राजकीय वादाने परदेशातील युद्धाची दिशा कशी बदलते याचा इतका तपशीलवार दाखला दुसरा नाही. येथे व्याख्यान न ठेवता चार प्रश्न फळ्यावर लिहावेत: निर्णय कोणी घेतला, तेव्हा लोकांना काय सांगितले, किंमत कोणी मोजली आणि शेवटी ते कोणी थांबवले. मग एकेका गटाला एकेक प्रश्न द्यावा. पहिल्या गटाच्या हाती टोंकिन आखाताचा ठराव येईल. ऑगस्ट 1964 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने तो 416 विरुद्ध 0 आणि सिनेटने 88 विरुद्ध 2 मतांनी संमत केला, आणि युद्धाची रीतसर घोषणा न होताच अध्यक्षांना मोकळा हात मिळाला. त्या दोन विरोधी मतांविषयी, म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग यांच्याविषयी, थोडा वेळ जरूर द्यावा. सभागृहात एकटे पडणे काय असते हे आपल्याकडच्या ग्रामपंचायत सदस्यांना चांगले ठाऊक असते. दुसऱ्या गटाने पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, व्हिएतनामविषयक गुप्त कागदपत्रांचे प्रकरण मांडावे: जून 1971 मध्ये ती वृत्तपत्रांत येऊ लागली आणि 30 जूनला तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी छपाई रोखण्यास नकार दिला. किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत 58 हजारांहून अधिक मृत अमेरिकन सैनिक येतातच, पण त्यांच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसे मेली हे तिसऱ्या गटाकडून निसटू देऊ नये. चौथ्या गटाने सांगावयाचे ते असे की मार्च 1968 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले आणि 1973 मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, अध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांवर मर्यादा घालणारा कायदा केला. आपल्याकडे सक्तीची भरती नाही, तिकडे होती. मुलाला लॉटरीने रणांगणावर बोलावले जाणे आणि त्याने स्वतः भरतीच्या मैदानावर धावून पलटणीत जाणे या दोहोंत वाद किती वेगळा होतो, एवढ्या एका मुद्द्यावर आमच्याकडे तासभर बोलणे झाले.

तिसरी बैठक श्रीलंकेची, आणि तीच खरी अवघड. तिच्या आठ दिवस आधी संयोजकांपैकी दोघांनी ज्या घरांतून माणसे तेथे गेली होती त्या घरी स्वतः जावे, बैठकीत काय बोलले जाणार ते स्पष्ट सांगावे आणि ‘काका, तुम्ही आलात तर आम्हाला बरे वाटेल, नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ’ एवढेच म्हणून उठावे. भावनिक आग्रह करू नये. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच अध्यक्षांनी एक वाक्य उच्चारावे, आणि ते लिहून आणलेले असावे: ‘आज आपण सरकारच्या निर्णयावर बोलणार आहोत, सैनिकांच्या कर्तव्यावर नाही.’ हे वाक्य औपचारिक वाटले तरी गाळू नये.

मांडणी तारखांच्या क्रमाने करावी. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ भागाला प्रांतिक स्वायत्तता मिळावी, बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि भारतीय फौजेने शांतता राखावी असा त्याचा गाभा होता. ऑक्टोबरमध्ये तीच फौज ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या एलटीटीई या सशस्त्र बंडखोर संघटनेशी जाफनात लढू लागली. कोलंबोतील सिंहली राजकारणालाही ती नकोशी झाली, आणि 1989 मध्ये अध्यक्ष प्रेमदासा यांनी ती परत न्यावी अशी उघड मागणी केली. दिल्लीत सत्तांतर होऊन व्ही. पी. सिंह यांचे सरकार आले, तेव्हा परतीचा निर्णय मार्गी लागला व मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. अकराशेहून अधिक भारतीय सैनिक तेथे कामी आले होते. मद्रासच्या बंदरात त्यांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, कारण या फौजेने तमिळांना मारले अशी त्यांच्या पक्षाची भावना होती. हा प्रसंग सांगताना आवाज चढवू नये. सभागृहातील निवृत्त सैनिकाला तो अपमान आजही बोचतो, पण त्याच वेळी जाफनातील सामान्य तमिळ कुटुंबाने काय पाहिले हेही चर्चेतून वगळता येत नाही, आणि या दोन गोष्टी एकाच खोलीत उच्चारता याव्यात म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

सरकारची बाजूही तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावी, आणि ती निर्णयाला विरोध असणाऱ्या वक्त्याकडेच सोपवावी. शेजारी देशातील यादवीमुळे तमिळनाडूत येणारे निर्वासित, त्रिंकोमालीच्या बंदरावर परक्या शक्ती येऊन बसण्याची भीती, करार मोडू न देण्याची जबाबदारी ही कारणे पोकळ नव्हती. उलट समर्थकाने हे कबूल करून दाखवावे की शांतता राखायला गेलेल्या फौजेला लढाईचे उद्दिष्ट काय हे स्पष्ट सांगितले गेले नाही. बाजू अदलून बोलायला लावल्यामुळे घोषणाबाजी आपोआप थंडावते. आमच्याकडे एका निवृत्त नाईकांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, ‘आम्हाला पाठवायचं ज्या कागदावर ठरलं तो कागद तुमच्याकडं आहे का?’ तेव्हापासून आम्ही कराराच्या मजकुराची प्रत टेबलावर ठेवतो. लोकसभेतील जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचायला मिळतात. त्यांतील दोन-तीन पाने छापून वाटली तरी तर्कवितर्काला आळा बसतो.

बोलण्याच्या क्रमाविषयी एक गोष्ट फक्त आपल्याच भागात ध्यानात ठेवावी लागते. सुभेदार बोलून गेल्यावर हवालदार वेगळे मत मांडत नाही, निवृत्तीला वीस वर्षे झालेली असली तरीही. म्हणून सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या माणसाला आधी बोलवावे आणि मग वर जावे; हे कारण जाहीर न करता केले तर कोणाचा मानभंगही होत नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाला मात्र व्यासपीठावर कधीही बोलवू नये. सेवेत असलेल्या माणसाला राजकीय सभेत बोलण्यास नियमांनी मनाई आहे, आणि आपल्या उत्साहाचा भुर्दंड त्याच्या नोकरीला बसू शकतो. सभागृहात मोबाइलवर चित्रीकरण न करण्याचे आधीच ठरवून घ्यावे.

वेळ भातलावणी आटोपल्यानंतर आणि गणपतीच्या आधी सर्वांत सोयीची पडते. सुगीत किंवा उसाच्या हंगामात कोणी येत नाही. जागा वाचनालयाची किंवा शाळेची असावी. लाऊडस्पीकर घेऊ नये. परवान्याची कटकट वाचते हा लहान फायदा, मोठा फायदा असा की माइक हातात आला की साध्या बोलण्याचेही भाषण होते. प्रत्येकाला चार मिनिटे द्यावीत आणि घड्याळ एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती सोपवावे, कारण त्यांच्यापुढे राजकीय पुढारीसुद्धा वेळेत बसतात.

आपल्याकडे कोणतीही सभा अर्ध्या तासात सीमाप्रश्नावर येते. 1956 पासूनची ती सल कोणी नाकारत नाही, परंतु युद्धाच्या चर्चेत ती शिरली की कन्नड बोलणारे शेजारी, ज्यांच्या घरांतूनही माणसे सैन्यात गेलेली असतात, गप्प होतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. निमंत्रण दोन्ही भाषांत काढावे, प्रश्न कोणत्याही भाषेत विचारू द्यावा आणि सीमाप्रश्नासाठी वेगळी तारीख त्याच वेळी वहीत नोंदवून टाकावी. ही तारीख केवळ टाळण्यासाठी देऊ नये. ती पाळली नाही तर पुढे तुमच्या कोणत्याच तारखेवर विश्वास राहत नाही.

शब्दांची निवड हा शेवटचा आणि सर्वांत कष्टाचा भाग. एप्रिल 2003 मध्ये इराकवरील अमेरिकी आक्रमणाविषयी आपल्या संसदेने ठराव केला, तेव्हा त्यात कोणते क्रियापद वापरावे यावर पक्षांची घासाघीस झाली. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द आला, तर इंग्रजी प्रतीत त्यापेक्षा सौम्य शब्द वापरला गेला. त्याच वर्षी जुलैत इराकमध्ये भारतीय सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने नाकारली. न गेलेल्या फौजेवर कोणी स्मारक बांधत नाही, पण तो निर्णयही वादातूनच घडला आणि बेळगावच्या सेंटरमधून निघालेल्या किती जणांना तेव्हा परक्या वाळवंटात जावे लागले असते, असा प्रश्न बैठकीत विचारून पाहावा. शब्दांवरच घासाघीस करायची तर ‘फुकट’, ‘गद्दार’ आणि ‘देशद्रोही’ हे तीन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यांवर आधीच रेघ मारावी. ‘फुकट मेले’ याऐवजी ‘ज्या उद्दिष्टासाठी पाठवले ते साध्य झाले नाही’ असे म्हणता येते. वाक्य लांबते, परंतु त्यात मृत माणूस आणि धोरण वेगळे राहतात.

बैठकीच्या अखेरीस हात वर करून मतदान घेऊ नये. त्याऐवजी प्रत्येकाने एका कागदावर, नाव न लिहिता, ऐकताना स्वतःचे कोणते मत डळमळले ते लिहावे. कोरे कागदही जमा करून घ्यावेत आणि सगळे वाचनालयाच्या फाईलमध्ये तारखेसह लावावेत. पुढच्या वर्षी चर्चेचा विषय ठरवताना आम्ही आधी तीच फाईल उघडतो.