डॉक्टरांच्या पत्राचे पैसे भरण्याआधी

"एनएचएस फुकट ना हो? मग एका सहीचे पंचेचाळीस पौंड कसले?" गेल्या जूनमध्ये काउंटरवर एका काकांनी मला चक्क मराठीत विचारलं. नातवाला कांजिण्या झाल्या, मुंबईची तिकिटं रद्द करावी लागली आणि विमा कंपनीने चार पानी फॉर्म धाडला. त्यातलं तिसरं पान डॉक्टरांनी भरायचं. मी लंडनजवळच्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, नऊ वर्षं रिसेप्शनवर आहे. हा प्रश्न रोज येतो, आणि तो रास्तच आहे.

एनएचएसच्या करारात तुमचे उपचार येतात. विमा, जिम, घरमालक, कॉलेज यांना हवा असलेला कागद सहसा त्यात येत नाही. असं पत्र द्यायला डॉक्टर बांधील नसतात, आणि दिलं तर फी घेऊ शकतात. तिचा दर सरकार ठरवत नाही, ज्याची त्याची सर्जरी ठरवते. म्हणून आधी दरपत्रक मागून घ्या.

पण त्याच्याही आधी, कागद मागणाऱ्याला ईमेल करून विचारा: नेमकं काय सिद्ध करायचं आहे, आणि माझ्या नोंदींची प्रत चालेल का? पुष्कळदा चालते. इंग्लंडमध्ये एनएचएस अ‍ॅपवर औषधं, तपासण्यांचे निकाल, लशी दिसतात. अ‍ॅपवर नसेल तर "माझ्या नोंदींची प्रत हवी" एवढं सर्जरीला लिहून द्या. २०१८च्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यापासून ती सहसा मोफत मिळते आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. मात्र नोंदीत जे आहे तेच मिळेल. "हा माणूस मॅरेथॉन धावू शकेल का?" असं मत हवं असेल, तर ते पत्र विकतच.

मी स्वतः इथे नवी असताना मुलाच्या तीन दिवसांच्या तापासाठी वीस पौंड देऊन पत्र घेतलं होतं, शाळेने मागितलं म्हणून. आज शिक्षण खात्याचं मार्गदर्शन स्पष्ट आहे: शाळांनी सर्रास वैद्यकीय पुरावा मागू नये, आणि मागितलाच तर प्रिस्क्रिप्शन किंवा अपॉइंटमेंटचा मेसेज पुरेसा धरावा. ते वीस पौंड मला अजून आठवतात. म्हणून कुणी आई शाळेचं पत्र मागायला आली की मी आधी तिच्या फोनवरचा अपॉइंटमेंटचा मेसेज दाखवायला सांगते.

नोकरीचंही तसंच. आजारपणाचे पहिले सात दिवस तुम्ही स्वतः लिहून द्यायचे, शनिवार-रविवार धरून. त्यानंतरची फिट नोट, म्हणजे कामावर जाता येईल का याचा दाखला, मोफत असते. जुलै २०२२पासून ती नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्टही देऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्याच वेळेसाठी अडून बसू नका. सात दिवसांच्या आतच डॉक्टरांचं पत्र हवं असा कंपनीचा हट्ट असेल, तर त्याची फी कंपनीने द्यावी असं सरळ सांगा. पिपसारख्या, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा अर्ज करताना हाताशी आहेत तीच कागदपत्रं जोडा, पैसे मोजून नवी पत्रं मिळवायला लागू नका.

काही कागदांना तर फी लावताच येत नाही. घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या बाईला सरकारी कायदेशीर मदतीसाठी जीपीचं पत्र लागू शकतं. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१च्या कायद्यापासून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशी बाई काउंटरवर कुजबुजत विचारते आणि फीचं नाव निघालं की परत फिरते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तिच्या कानावर घाला. मानसिक आजारात कर्ज थकलं तर सावकाराला द्यायचा पुराव्याचा फॉर्मही २०१९पासून इंग्लंडमध्ये मोफत आहे. आणि घरात मृत्यू झाला तर दहनासाठी डॉक्टरांच्या फॉर्मचे जे ८२ पौंड लागायचे, ते इंग्लंड-वेल्समध्ये ९ सप्टेंबर २०२४पासून बंद झाले.

इतकं करूनही पैसे भरावे लागणार असतील, तर आधी हिशेब करा. काकांच्या पॉलिसीत माणशी शंभर पौंडांचा एक्सेस, म्हणजे दाव्यातून आपण सोसायची रक्कम, होता. तो आणि आमची फी वजा जाऊनही चार तिकिटांचे बरेच पैसे सुटत होते, म्हणून फॉर्म भरून घेण्यात अर्थ होता. फी परत देता का, हेही विमा कंपनीला विचारा.

फॉर्म देताना तुमचा भाग पूर्ण भरा, संमतीची सही करा, प्रत्येक पानावर नाव आणि जन्मतारीख लिहा. अपॉइंटमेंटच्या दहा मिनिटांत तो डॉक्टरांपुढे सरकवू नका, रिसेप्शनवर द्या. डॉक्टरांना जुन्या नोंदी वाचून प्रत्येक तारीख लिहावी लागते आणि ती चुकली तर जबाब त्यांना द्यावा लागतो. शिवाय हे काम पेशंट तपासून झाल्यावर होतं, आमच्याकडे तीन आठवडे लागतात. ट्रक-बसच्या लायसन्सची डी४ तपासणी मात्र स्वतःच्याच जीपीकडे करायला हवी असं नाही, जीएमसीकडे (ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणी मंडळाकडे) नोंदलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडून ती अनेकदा स्वस्तात होते.

फॉर्म हातात आला की काउंटरवरच वाचा. काकांनी चष्मा लावून तिसरं पान वाचलं. पुरळ पहिल्यांदा दाखवल्याची तारीख १२ जूनऐवजी १२ जुलै पडली होती, म्हणजे प्रवासाच्या नंतरची. पाच मिनिटांत डॉक्टरांनी ती खोडून शेजारी सही केली.