घरसभेत योहान 14:12 कसे शिकवावे: ‘त्यापेक्षा मोठी कृत्ये’ म्हणजे नेमके काय

माझ्यावर विश्वास ठेवणारा मी करतो ती कृत्ये करील, त्यापेक्षा मोठीही करील, कारण मी पित्याकडे जातो, असे येशू योहान 14:12 मध्ये म्हणतो. खानदेशात नवापूरपासून यावलपर्यंत कुठल्याही घरसभेत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या घरी भरणाऱ्या ख्रिस्ती सभेत, हे वचन निघाले की दोन तट पडतात. एकाला वाटते, येशूने मेलेला एक लाजर उठवला, तर आपण दहा उठवायला हवेत. दुसरा म्हणतो, हे बारा प्रेषितांपुरते होते, पुढचे वाचा. दुसऱ्याचे म्हणणे वचनातच टिकत नाही, कारण तिथे ‘विश्वास ठेवणारा’ आहे, ‘प्रेषित’ नाही. पहिल्याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि सभेचा बराच भाग त्यातच जातो.

आधीची तयारी

फक्त बारावे वचन घेऊन जाऊ नका. योहान 13 ते 16 हे चार अध्याय एका बैठकीचे बोलणे आहे: पाय धुणे, यहूदाचे बाहेर जाणे, शिष्यांची घालमेल, कैवाऱ्याचे म्हणजे पवित्र आत्म्याचे वचन. मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सभेच्या आदल्या दोन दिवसांत ते दोनदा वाचा. सोबत पाच जागी खुणेचे कागद घाला: योहान 5:20-24, योहान 16:7, प्रेषितांची कृत्ये 2, लूक 10:17-20 आणि 2 तीमथ्य 4:20.

वाचन मराठीतून होऊ द्या, पण चर्चा ज्या बोलीत लोक भांडतात-हसतात त्या बोलीत करा, मग ती अहिराणी असो, मावची, पावरी की भिली. पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवशी (कृत्ये 2) यरुशलेमेत प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली, तेव्हा ही काही सोय म्हणून केलेली तडजोड नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सभा रात्री आठच्या आत सुरू होत नाही, लोक थकून येतात. म्हणून सव्वा तासाच्या वर ताणू नका.

अर्थ उलगडायचा तो असा

आधी सगळ्यांना विचारा: ‘मोठी’ म्हणजे जास्त डोळे दिपवणारी का? उत्तरे येऊ द्या, लगेच खोडू नका. मग योहान 5:20 उघडा. ‘यापेक्षा मोठी कामे’ हे शब्द येशू तिथेही वापरतो आणि पुढच्या चार वचनांत स्वतःच सांगतो की ती कोणती: मेलेल्यांना जीवन देणे, न्याय करणे, ऐकून विश्वास ठेवणाऱ्याला मरणातून जीवनात आणणे. त्याच शुभवर्तमानात त्याच शब्दांचा अर्थ मिळत असताना बाहेर शोधायला जायचे कारण नाही.

आता चौदाव्या अध्यायाकडे परत या आणि ‘कारण’वर बोट ठेवून थांबा. मोठेपण शिष्यांच्या ताकदीतून येत नाही, तो पित्याकडे जातो म्हणून येते. जाणे म्हणजे वधस्तंभ, पुनरुत्थान, स्वर्गारोहण, आणि मग 16:7 प्रमाणे आत्म्याचे येणे. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, पाच हजारांना जेवू घातले, आंधळ्याला दृष्टी दिली, ते सारे वधस्तंभाआधी झाले. पापाची किंमत तेव्हा चुकती व्हायची होती. लाजर चौथ्या दिवशी थडग्यातून बाहेर आला, पण पुन्हा मरणाच्या वाटेला लागलेल्या शरीरात. वधस्तंभ आणि पुनरुत्थानानंतर कोणी सुवार्ता ऐकून देवाशी समेट करतो, तेव्हा जे मिळते ते मरणाला हिरावता येत नाही. म्हणून ते मोठे.

दुसरी बाजू विस्ताराची. गालील ते यरुशलेम सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे जळगावहून धुळ्याला जाऊन थोडे पुढे, एवढ्यातच येशूची बहुतेक सेवा झाली. कृत्ये 1:15 मध्ये जमलेले सुमारे 120 होते, 2:41 मध्ये एका दिवसात सुमारे 3000 वाढले. हे आकडे सांगा, पण इथे घसरण आहे. ऐकणारे लगेच मंडळीची पटसंख्या मोजू लागतात. संख्या हे फळ आहे, कृत्याचे माप नव्हे.

आणि वचनाचा पहिला अर्धा भाग विसरू नका: ‘मी करतो ती कृत्ये’. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस, हाकलून दिलेल्यासोबत जेवण हेही त्यात आले. चमत्कार होतच नाहीत असे शिकवू नका. पेत्राने लंगड्याला उठवले, पौलाच्या हातूनही रोगी बरे झाले. पण प्रत्येक विश्वासणाऱ्याला तेच दान मिळते असे नाही, 1 करिंथ 12:29-30 मधले प्रश्नच ते सांगतात.

जिथे हमखास बिघडते

सर्वांत महागात पडणारी चूक आजारपणात होते. ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला?’ हे वाक्य कोणी उच्चारले तर सभा तिथेच थांबवा. नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत, क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स चालू असलेले आहेत. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्यांचा विश्वास कमी होता असे म्हणायला कोणी धजावणार नाही. याकोब 5:14 प्रमाणे वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा, आणि त्याच रात्री गाडीची सोयही करा. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असेल तर आधी दवाखाना, प्रार्थना वाटेत. अशा वेळी उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

साक्ष देण्याची घाई ही दुसरी. कुष्ठरोग्यांना येशूने याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितले, म्हणजे तपासणीला तो भीत नव्हता. बरे वाटले की आधी तपासून घ्या, मग साक्ष द्या. आजाऱ्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय मोबाइलवर फिरवू नका. येशूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत आले तेव्हा येशू त्यांना काय म्हणाला, हे लूक 10:20 मधून इथेच वाचून दाखवा. चमत्काराच्या बढाईवर इतका नेमका उतारा दुसरा नाही.

तिसरी चूक ‘माझ्या नावाने’ची. प्रार्थनेच्या शेवटी येशूचे नाव जोडले की मागितलेले मिळालेच पाहिजे, असा समज पसरलेला आहे. 14:13 मध्येच कसोटी दिली आहे: पुत्राच्या ठायी पित्याचे गौरव व्हावे. मागण्याआधी एवढेच विचारायला लावा, हे मिळाले तर नाव कोणाचे होईल? बऱ्याच मागण्या या प्रश्नानंतर आपोआप बदलतात.

आमिष हा वेगळा धोका. धान्य, नोकरी, लग्नाचा खर्च यांची आशा दाखवून कोणाला सभेला आणू नका. भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणूनच तुम्ही मला शोधता, असे योहान 6:26 मध्ये येशूने गर्दीला तोंडावर सांगितले. मदत करायची तर ती सभेला न येणाऱ्यालाही तितकीच करा.

आठवड्याचे काम

शेवटची पंधरा मिनिटे वहीसाठी राखून ठेवा. प्रत्येक घराने तीन गोष्टी लिहायच्या: एक नाव, एक काम, एक वार. ‘गावासाठी काहीतरी करू’ असे लिहिलेले मान्य करू नका. ‘बांधावरून दोन वर्षे अबोला आहे त्या चुलतभावाकडे बुधवारी जाणे’ हे चालेल. दारूपायी घर मोडलेल्याकडे चुलीपाशी बसून त्याचे ऐकणे, वाचता न येणाऱ्या आजीला तिच्या बोलीत एक अध्याय सांगणे, सिव्हिलमध्ये रुग्णाजवळ एक रात्र जागणे, हेही चालेल. शक्यतो दोघांनी मिळून जावे. सुवार्ता सांगायची तर समोरचा ऐकायला तयार आहे का हे आधी विचारा, नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.

दिवाळीनंतर ऊसतोडीला बरीच घरे गुजरातेत जातात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. त्यांच्यासाठी वेगळे पान करा: तळावर कोण वाचन घेईल, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि शाळेतल्या मुलांकडे कोण बघेल. ही नावे टोळी निघण्याआधी ठरवा, मुकादमाचा ट्रक दारात आल्यावर नव्हे.

पुढच्या सभेत गाणी होण्याआधी वही उघडा. काम झाले नसेल तर रागवायचे नाही, अडचण विचारायची आणि काम लहान करून पुन्हा लिहायचे. झाले असेल तर टाळ्या नकोत, त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करा आणि लगेच पुढचे नाव लिहून घ्या.