आयव्हीएफवर डॉक्युमेंटरी शूट करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचं क्रू तिघांचंच, कॅमेरा, साउंड आणि मी, आणि लोकेशनवरचं पहिलंच शूट. विषय आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर लॅबमध्ये एकत्र आणून मूल होण्यासाठीचा उपचार. गिअरची चेकलिस्ट दोनदा तपासलेली, पण माती खाल्ली ती चेकलिस्टबाहेरच्या गोष्टींत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख लॉक करणं. मी कॉल शीटवर, म्हणजे शूटच्या वेळापत्रकावर, 'मंगळवार, एग रिट्रीव्हल' (बीजं काढणं) लिहून मोकळी झाले आणि लेन्सेस दोनच दिवस भाड्याने घेतल्या. आता बघा, इंजेक्शनं साधारण 8 ते 14 दिवस चालतात, मधे मधे सोनोग्राफी, फॉलिकल्स (अंडाशयातल्या बीजांच्या पिशव्या) नीट वाढले की मग बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीजं काढतात, म्हणजे पक्की वेळ कळते ती जेमतेम दोन दिवस आधी. आम्ही ज्यांच्यावर शूट करत होतो त्या ताईंचे फॉलिकल्स जरा मागे होते, ट्रिगर लागला मंगळवारी रात्री दहाला, रिट्रीव्हल गुरुवारी सकाळी नऊला, आणि लेन्सेस बुधवारीच परत गेलेल्या! गुरुवार फोनवर शूट केला. तेव्हा भाडं ठरवतानाच पुढचे तीन-चार दिवस हातचे ठेवा. आणि खरं सांगू का, रिट्रीव्हलपेक्षा ट्रिगरची रात्र शूट करा. घड्याळाकडे बघत बसलेले दोघं नवरा-बायको, वेळ एक मिनिटही चुकू नये म्हणून लावलेले तीन अलार्म, यापुढे ऑपरेशन थिएटरचे शॉट फिके पडतात. तिथे तसंही दार बंद आणि पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपलेलं असतं.

ट्रान्सफरचं, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याचंही तेच, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी होईल म्हणून बसाल आणि भ्रूण फ्रीज करायचं ठरलं की पुढच्या महिन्यावर जाईल.

लॅबमध्ये लाइट लावू देत नाहीत म्हणून वाद घालू नका. भ्रूणांना उजेड कमीत कमी लागावा म्हणून तिथे अंधुक ठेवतात, हवा फिल्टर केलेली असते, परफ्यूमसुद्धा चालत नाही. आमचा कॅमेरामन डिओ मारून आला होता, बसला बाहेर काचेतून शूट करत. मायक्रोस्कोपला बऱ्याचदा स्वतःचा कॅमेरा असतो, त्याचं रेकॉर्डिंग मिळेल का ते लेखी परवानगीसकट आधीच विचारून ठेवा. आणि हो, टेस्ट ट्यूब शोधत फिरू नका, मी फिरले. बीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते प्लॅस्टिकच्या चपट्या डिशमध्ये, 'टेस्ट ट्यूब बेबी' हे नुसतं नाव पडलंय.

नावांवरून आठवलं. आमचा सगळ्यात देखणा वाइड शॉट एडिटमध्ये फेकावा लागला कारण मागच्या व्हाइटबोर्डवर त्या दिवसाच्या सगळ्या पेशंट्सची नावं आणि वेळा होत्या, आउट ऑफ फोकस असूनही वाचता येत होत्या. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात नाव असतं, डिशवर असतं. रेकॉर्ड दाबण्याआधी एकाने फक्त अक्षरं शोधायची. स्क्रीनवर पट्टे सरकत असतील तर शटर त्या स्क्रीनच्या रिफ्रेश रेटप्रमाणे 1/50 किंवा 1/60 करून बघा, तरी नाही गेले तर क्लिअर स्कॅन, म्हणजे शटर अगदी बारीक फरकाने जुळवायचं कॅमेऱ्यातलं सेटिंग.

साउंडवाल्यांसाठी एक. स्कॅननंतर कट म्हटलं, आम्ही चहाला गेलो, ताईंचा कपड्यांना लावलेला लेपल माइक मात्र चालूच राहिला. साउंडवाल्याच्या कानात दोघांचं बोलणं यायला लागलं, पैसे संपत आलेत, हे शेवटचंच सायकल (उपचाराची फेरी), घरी सांगायचं नाही. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि पळत जाऊन माइक बंद केला. ती क्लिप ताईंना सांगून त्यांच्यासमोरच डिलीट केली. कट म्हटल्यावर पहिला माइक काढायचा, कॅमेरा नंतर.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, आणि प्रत्येक टप्प्याआधी परत विचारायचं, आज आम्ही आत येऊ का? नाही म्हणाले तर का ते विचारायचं नाही.

रिझल्टच्या दिवशी फोकस हुकला म्हणून मी ताईंना फोन परत एकदा उचलाल का असं विचारलं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह होता. त्यांनी उचलला पण, माझ्यासाठी. तो टेक मी वापरलेला नाही.